प्यादं अचानक गायब झालं? आँ पासाँ समजून घ्या

विरार फास्टमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर डाव रंगलाय. तुम्ही प्यादं दोन घरं पुढे सरकवता आणि पुढच्याच चालीला ते पटावरून नाहीसं होतं. ते उभं होतं त्या घरात तर कुणी आलंच नाही! शाळेनंतर बऱ्याच वर्षांनी बुद्धिबळाकडे वळलेल्यांना अशा वेळी ॲप बिघडल्यासारखं वाटतं. ॲप ठीक आहे. हा आँ पासाँचा, म्हणजे जाता जाता प्यादं मारण्याचा नियम. तो का आला हे नीट कळलं की त्याच्या अटी घोकाव्या लागत नाहीत.

आपल्या देशी डावात प्यादं सहसा एका वेळी एकच घर चालायचं. गिरगाव-परळच्या चाळींत आजोबांकडून जे तसा डाव शिकले, त्यांच्या कानावर हा नियम कधी पडलाच नसेल, कारण तिथे त्याची गरजच नव्हती. युरोपात डावाला वेग यावा म्हणून प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरांची मुभा मिळाली आणि अडचण तिथूनच सुरू झाली. समोरच्याचं प्यादं ज्या घरावर दबा धरून आहे, ते घर ओलांडून तुमचं प्यादं सुखरूप निसटायला लागलं. म्हणून ठरलं की उडी मारा, पण मधल्या घरात थांबलं असतं तर प्यादं जसं मारलं गेलं असतं, तसंच आताही मारता येईल. इटलीत मात्र हा नियम १८८० पर्यंत सर्रास मानत नसत.

आता खरा पट घ्या. मोबाइलवर नको, कारण मारलेलं प्यादं स्वतःच्या हाताने उचललं की ही चाल डोक्यात पक्की बसते.

पांढरं प्यादं ई५ वर (उभी ओळ ई, पांढऱ्याकडून मोजून पाचवी रांग) ठेवा, काळं डी७ वर. दोन्ही राजे दूर कोपऱ्यात. काळ्याची चाल: डी७ वरून थेट डी५. दोन्ही प्यादी आता शेजारी शेजारी उभी आहेत. पांढऱ्याने आपलं प्यादं तिरकं डी६ वर न्यायचं आणि डी५ वरचं काळं प्यादं पटाबाहेर काढायचं. नवखे नेमके इथे अडखळतात: प्यादं डी६ वर जातं, पण मारलेलं डी५ वर तसंच राहतं. चाल लिहितानाही जिथे पोचलो ते घर लिहायचं, म्हणजे ईxडी६ (x म्हणजे मारलं).

हीच मांडणी थोडी बदलून बघा. काळं प्यादं आधी डी६ वर आणि नंतरच्या चालीत डी५ वर आलं, तर मारता येणार नाही, कारण त्याने उडी मारलीच नाही. उडी मारली, पण पांढऱ्याने मध्ये दुसरीच चाल केली, तरी संधी गेली. मारायचं तर लगेचच्या चालीत. ई५ वर प्याद्याऐवजी उंट किंवा वजीर असेल, तर या नियमाचा प्रश्नच येत नाही. हा प्याद्या-प्याद्यांमधला हिशोब आहे. आणि मारणारं प्यादं पांढरं असेल तर पाचव्या रांगेत, काळं असेल तर चौथ्या रांगेत असावं लागतं.

प्रत्यक्ष डावात हे फार लवकर येऊ शकतं. १. ई४ ई६ २. ई५ डी५ (प्रत्येक जोडीत आधी पांढऱ्याची, मग काळ्याची चाल), आणि तिसऱ्याच चालीला ईxडी६ शक्य आहे. पण शक्य आहे म्हणून मारायलाच हवं असं नाही. इथे मारलं की ई५ वरचं प्यादं, ज्याने काळ्याची जागा आवळून धरली होती, ते खर्ची पडतं; काळा उंटाने किंवा सी प्याद्याने परत मारतो आणि मोकळा होतो. मी तरी इथे डी४ खेळून ई५ ला आधार देणं पसंत करेन. सक्ती एकाच वेळी: दुसरी कुठलीच नियमात बसणारी चाल उरली नसेल तेव्हा.

आणखी एक मांडणी आवर्जून करून बघा, कारण तिथे मुरलेले खेळाडूही फसतात. पांढरा राजा ए५ वर, पांढरं प्यादं ई५ वर, काळा हत्ती एच५ वर, काळं प्यादं डी७ वर. काळ्याने डी५ केलं. मारायला जाल तर पाचव्या रांगेतून दोन्ही प्यादी एकदम उठतात आणि हत्तीचा शह सरळ राजावर येतो. म्हणून ही चाल बेकायदा.

देशी पद्धतीत वाढल्यामुळे हे सगळं उशिरा शिकायला लागतंय असं वाटत असेल, तर मीर सुलतान खान यांचं उदाहरण घ्या. भारतीय नियमांवर वाढलेल्या या खेळाडूने आंतरराष्ट्रीय नियम मोठेपणी शिकून १९२९ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद मिळवलं आणि १९३२ व १९३३ मध्ये पुन्हा जिंकलं.

गणेशोत्सवातल्या मंडळाच्या किंवा सोसायटीच्या स्पर्धेत उतरणार असाल, तर स्पर्श केलेल्या मोहऱ्याचा नियम लक्षात ठेवा. आपल्या प्याद्याला हात लावला की त्याचीच चाल करावी लागते. तेव्हा समोरचं प्यादं खरंच आत्ताच उडी मारून आलंय ना, हे हात पुढे करण्याआधी बघा. मग एकाच हाताने प्यादं डी६ वर ठेवा, डी५ वरचं उचला आणि त्याच हाताने घड्याळ दाबा.