हिवाळ्यात कुत्र्याला घेऊन मुक्कामी ट्रेकला जाताय? या चुका टाळा

बर्फातल्या दोन दिवसांच्या ट्रेकला कुत्रा न्यायचं ठरलं, की लोक सगळ्यात आधी त्याच्यासाठी रंगीत जॅकेट घेतात. त्याचे पंजे, त्याचं पाणी, रात्री तो कशावर झोपणार, हे सगळं निघायच्या आदल्या रात्रीवर ढकललं जातं. मी बरीच वर्षं हिवाळ्यात कुत्र्यांबरोबर चालतेय. दर हिवाळ्यात माणसं नवी आणि चुका त्याच, हे बघून आता मनापासून त्रास होतो, कारण त्या चुका भोगणारा जीव तोंडाने काहीच सांगू शकत नाही. तुम्ही चालताय तोवर कुत्रा चालतो. दमला तरी चालतो, पंजा फाटला तरी चालतो. त्यामुळे "बघा ना, किती मजेत पळतोय" हे कुणी म्हटलं तरी मी आधी खाली बसून त्याचे पाय बघते.

"त्याला काय, अंगभर केस आहेत"

ही माझ्या लेखी सगळ्यात वाईट चूक, कारण ती अंगाशी येते तेव्हा अंधार पडलेला असतो आणि गाडी खूप लांब असते.

केस ऊब धरतात ते त्यांच्यात अडकलेल्या हवेमुळे. केस भिजले की ती हवा जाते. कुत्रा आडवा झाला की अंगाखालचे केस दबतात आणि तिथेही हवा उरत नाही. पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला तर मुळातच केस विरळ असतात, आणि नेमका तोच भाग बर्फाला टेकतो. दाट दुहेरी केसांचा हस्की बर्फात वेटोळं करून झोपतो म्हणून तुमचा आखूड केसांचा, सडपातळ कुत्राही झोपेल, असं धरून चालू नका. पिल्लं आणि म्हातारी कुत्री तर आणखी लवकर गारठतात.

एकदा आमच्या गटात एक नवखा गडी त्याची पिंगट, आखूड केसांची कुत्री घेऊन आला होता. मुक्कामाच्या थोडं आधी एक ओढा लागला आणि ती पोटापर्यंत भिजली. पोचल्यावर त्याने तिला झाडाला बांधलं आणि तंबू लावायला घेतला. तंबूनंतर स्टोव्ह पेटला, मग चहा झाला. ती बर्फावरच बसून होती. आधी जोरात कुडकुडत होती, मग तिने पाय पोटाशी घेतले आणि मान खाली घातली. तो माझ्याकडे बघून समाधानाने म्हणाला, "बघ, सरावली थंडीला. थांबली कुडकुडायची."

मी हातातला कप तसाच ठेवून तिच्याकडे गेले. हाक मारली तर कान हलला, मान उचलली नाही. पोटाचे केस काड्यांसारखे ताठ झाले होते, काखेत हात घातला तर तिथेही गार. थर्मामीटर लावला, 36.1 अंश. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. ते 37 च्या खाली गेलं की हायपोथर्मिया, म्हणजे अंग धोक्याइतकं गार पडणं, धरून कामाला लागायचं. कुडकुडणं ही शरीराची ऊब तयार करायची धडपड असते. अंग गार असताना ती आपोआप थांबली, याचा अर्थ शरीराची ताकद संपत आली आहे.

तिला तंबूत घेतलं. आधी टॉवेलने नीट कोरडं केलं, मग फोमच्या मॅटवर ठेवून मालकासकट स्लीपिंग बॅगेत गुंडाळलं. कोमट पाण्याच्या बाटल्या मोज्यांत घालून छातीशी आणि पोटाशी लावल्या. मोज्यात अशासाठी, की गारठलेल्या कातडीला चटका बसला तरी कुत्र्याला तो कळत नाही. पाय चोळायचे नाहीत. चोळल्याने पायांतलं गार रक्त छातीकडे जातं. शेकोटीजवळही न्यायचं नाही. बऱ्याच वेळाने ती पुन्हा कुडकुडायला लागली तेव्हा मालक घाबरला, आणि मला पहिल्यांदा हायसं वाटलं. ती शुद्धीवर येऊन नीट गिळू लागल्यावरच कोमट पाणी पाजलं. सकाळी पुढचा बेत रद्द करून सगळे खाली उतरलो.

तेव्हापासून माझ्याबरोबर येणाऱ्यांना मी एकच क्रम पाळायला लावते. मुक्कामावर पोचलं की आधी कुत्रा, मग तंबू. टॉवेल, कोरडं जॅकेट, अंगाखाली मॅट, तोंडात थोडं खाणं, एवढं उरकल्याशिवाय तंबूच्या पिशवीला हात लावायचा नाही. घाईची माणसं यावर वैतागतात. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, वैतागू देत.

मॅट फोमचीच हवी. हवा भरायची मॅट नखांनी फुटते, आणि मग मध्यरात्री तुम्ही दोघंही बर्फावर असता. माझ्या जुन्या मॅटचा कापलेला तुकडा कायम सॅकच्या बाहेर बांधलेला असतो, दुपारच्या थांब्यालाही तोच पसरते. झोपताना हार्नेस काढा, ओले पट्टे रात्रीत गोठून कडक होतात. झोपण्याआधी त्याला थोडं स्निग्ध खाणं द्या. रात्री जाग आली की हात घालून बघायचा तो काखेत किंवा जांघेत. थंडीत कान गार लागतातच, त्यावरून काही ठरवू नका. आणि चालताना जाड जॅकेट घालू नका. कुत्रा आतून तापतो, बर्फ वरून वितळतो आणि थांबल्यावर अंगात घालायला कोरडं काही उरत नाही. जॅकेट थांब्यासाठी आहे. आखूड केसांच्या कुत्र्याला बोचऱ्या वाऱ्यात चालतानाही लागेल, पण ते पातळ असू दे, आणि काखेत घासत नाही ना ते बघा.

बूट पहिल्यांदा वाटेवरच घालणं

पॅकेटातून बूट काढायचे, चारही पायांत कोंबायचे, आणि कुत्रा पाय झटकत वेडावाकडा चालायला लागला की मोबाइल काढून हसायचं. हे बघून माझं डोकं फिरतं. दहा मिनिटांत एक बूट बर्फात हरवतो, तासाभरात दुसरा, आणि मग "आमच्याकडे बूट चालत नाहीत" असं जाहीर होतं.

पंजाबद्दल भीती असते तीही चुकीच्या गोष्टीची. नुसत्या गार जमिनीने पंजा सहज गोठत नाही. पंजाखालच्या मऊ गादीतल्या रोहिण्या आणि नीला एकमेकींना खेटून असतात. वरून येणारं गरम रक्त परत जाणाऱ्या गार रक्ताला ऊब देतं, त्यामुळे अंगातली उष्णता खाली वाया जात नाही. कुत्र्याच्या पंजातली ही रचना जपानी संशोधकांनी 2011 मध्ये दाखवली. अर्थात कडाक्याच्या थंडीत, ओल्या पायाने तासन् तास उभं राहिलं तर हिमदंश होतोच. पण वाटेवर मी सगळ्यात जास्त बघितलेत ते बर्फाचे गोळे आणि बर्फाच्या कडक पापुद्र्याने कापलेल्या गाद्या.

बोटांमधल्या केसांना ओलसर बर्फ चिकटतो, पावलागणिक दाबला जातो आणि त्याची टणक गोटी होते. ती बोटं फाकवते आणि कातडी सोलते. तापमान शून्याच्या आसपास असतं तेव्हा हा त्रास सगळ्यात जास्त, कडक थंडीतल्या कोरड्या भुरभुरीत बर्फात कमी. म्हणजे "आज हवा बरी आहे, बूट राहू देत" असं वाटतं, नेमक्या त्याच दिवशी बूट लागतात. कुत्रा मध्येच बसून पंजा चावायला लागला किंवा एक पाय उचलून दोन पावलं टाकून परत टेकवायला लागला, तर तो नखरे करत नाहीये. थांबा. गोटी ओढून काढू नका, केसांबरोबर कातडी येते. हातमोजा काढा, पंजा तळहातात धरा आणि गोटी सुटेपर्यंत तसाच धरून ठेवा. तुमची बोटं बधिर होतील, होऊ देत.

यावर उपाय घरीच सुरू होतो. बोटांमधले केस गोल टोकाच्या कात्रीने गादीच्या पातळीला आणायचे. त्याहून खोल कापू नका, थोडे केस कातडीला आडोसा देतात. निघताना आणि दुपारी पंजाला मेण लावायचं. बुटांची सवय निदान दोन आठवडे आधीपासून: आधी दोनच बूट, काही मिनिटं, घरातल्या घरात, मग चार, मग रोजच्या फिरण्यात. पट्टा मनगटाच्या बारीक जागेवर बसला पाहिजे आणि त्याखाली तुमचं एक बोट गेलं पाहिजे. बूट हरवतो म्हणून लोक पट्टा आवळतात, रक्त अडतं, पंजा सुजतो, आणि ज्या हिमदंशाच्या भीतीने बूट आणले तोच लवकर होतो. मुक्कामावर बूट काढायचे, पंजे पुसायचे, एकेक बोट फाकवून बघायचं.

जादा बूट न्याच. अलास्कात 1973 पासून अँकरेज ते नोम अशी इडिटारॉड ही कुत्र्यांनी ओढायच्या स्लेजची, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीची, शर्यत होते, दीड हजार किलोमीटरहून लांब. तिथे दर कुत्र्यामागे आठ बूट असावे लागतात, पायांच्या दुप्पट. जन्मभर बर्फात धावणाऱ्या कुत्र्यांची ही काळजी, आणि आपल्याकडे चार बुटांचा एकच जोड नेऊन लोक निर्धास्त असतात.

बाकीच्या, तितक्याच नेहमीच्या

"पाणी कशाला, बर्फ खातोय की." शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायला 80 कॅलरी (खाण्याच्या पाकिटावरच्या किलोकॅलरी नव्हेत) उष्णता लागते, मग ते पाणी अंगाच्या तापमानाला आणायला आणखी. ती सगळी त्याच्या अंगातून जाते, आणि पोटभर बर्फ खाऊनही पाणी मिळतं चिमूटभर. मी तासातासाला कोमट पाण्यात त्याचं थोडं खाणं कालवून देते. नुसतं पाणी नाकारणारा कुत्राही ते लपालपा पितो. बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं, मग निदान झाकणाची बाजू मोकळी राहते.

खाणं नेहमीपेक्षा बरंच जास्त लागतं, पण ते थोडं थोडं. भरपेट खाऊ घालून लगेच चढाला लावू नका. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडू शकतो, आणि त्यावर डोंगरात काहीही इलाज नाही. तुमच्या डब्यातलं चॉकलेट, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं काहीही त्याच्यापासून लांब ठेवा. लंगडतोय म्हणून तुमच्याकडची आयबुप्रोफेनची वेदनाशामक गोळी तर मुळीच देऊ नका, ती कुत्र्यांना विषारी आहे.

पाठीवर ओझं लादायची हौस आवरा. धडधाकट, सरावलेल्या कुत्र्याला मी वजनाच्या दहा टक्क्यांवर काही देत नाही, आणि बर्फ खोल असेल तर तेही माझ्या सॅकमध्ये जातं. वाढीच्या वयातल्या पिल्लाच्या पाठीवर काहीच नको. बर्फ त्याच्या कोपराच्या वर गेला की तो चालत नसतो, दर पावलाला उडी मारत असतो. अशा वेळी त्याला मागे घ्या, तुमच्या पावलांनी दाबलेल्या वाटेवर चालू द्या. गटात कुणी स्कीवर असेल तर त्याच्यापासून अंतर ठेवा, स्कीच्या पोलादी कडेने पायाची शीर तुटू शकते.

गोठलेल्या तळ्याजवळ पट्टा हातात हवा. वाट लांब पडली तरी काठाने जा. एका माणसाने चालायला निदान 10 सेंटिमीटर स्वच्छ, टणक बर्फ लागतो, आणि वर हिम साचलं असेल तर खाली किती आहे ते दिसत नाही. कुत्रा पाण्यात पडला म्हणून मागे धावलेली माणसं बुडून मेली आहेत. काठावर आडवं होऊन हाका मारा, दोरी टाका, पण तळ्याच्या बर्फावर जाऊ नका.

हिमलोटाच्या उतारांवर, म्हणजे बहुतेक वेळा 30 ते 45 अंशांच्या, कुत्र्याला घेऊन जाऊच नका. कुणीतरी हौसेने माणसांचा 457 किलोहर्ट्झचा बीकन, म्हणजे हिमाखाली गाडलेल्याला शोधायला रेडिओ सिग्नल देणारं यंत्र, कुत्र्याच्या गळ्यात बांधतं. शोधणाऱ्याला त्या सिग्नलमागे माणूस आहे की कुत्रा हे कळत नाही, आणि माणूस मिनिटामिनिटाला मरत असताना खणणं दुसरीकडे चालू राहतं. माझा कुत्र्यांवर फार जीव आहे, तरी हे मला मान्य नाही.

पट्ट्याची कडी हातमोजे घालून उघडता येते का, ते घरी बघा. दिवस लवकर मावळतो, गळ्यात छोटा दिवा बांधा. बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडने तुम्ही आणि कुत्रा दोघंही झोपेत जाल. कानाचं टोक किंवा शेपूट पांढुरकी, कडक दिसली तर चोळू नका आणि बर्फ तर लावूच नका. ते पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल तेव्हाच कोमट पाण्याने ऊब द्या, नाहीतर झाकून खाली उतरा.

आणि नवख्या मंडळींची घाई. पहिल्याच हिवाळ्यात थेट मुक्काम कशाला? आधी दिवसभराच्या दोन-चार चाली करा. मग एक रात्र अशा जागी काढा जिथून गाडी हाकेच्या अंतरावर आहे. कुत्रा मध्यरात्री कुडकुडला तर उठून घरी येता येईल. त्या एका रात्रीत तुमची मॅट, तुमचा टॉवेल आणि तुमचा कुत्रा यांच्याबद्दल जे कळतं ते दुकानात कुणी सांगत नाही.

निघण्याआधी त्याला उचलून बघा. 30 किलोचा कुत्रा पाठीवर घेऊन खोल बर्फातून चालणं एकट्याला जवळपास अशक्य आहे, आणि पाय मोडलेला कुत्रा स्वतःहून उतरत नाही. पाठीवर घ्यायची झोळी मिळते, वजनाला हलकी असते. ती त्याला घरी चढवून बघा, त्याला घेऊन जिना चढा-उतरा. दोन मजल्यांत धाप लागली तर बेत छोटा करा किंवा ओझं वाटून घेणारा जोडीदार बरोबर घ्या. वाटेच्या पायथ्याला सगळ्यात जवळचा, रात्री उघडा असणारा पशुवैद्य कोण, त्याचा नंबर कागदावर लिहून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. थंडीत मोबाइलची बॅटरी लवकर बसते.