छोटा गेम लोकांसमोर नेताना या चुका टाळा

"आधी गेम पूर्ण होऊ दे, मग दाखवू." तास-दीड तासाचा गेम एकट्यानं बनवणारे बरेच जण असं म्हणतात आणि तिथेच गणित चुकतं. गेम विक्रीला आला की स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान तो विशलिस्टमध्ये, म्हणजे 'घ्यायचाय' अशा यादीत, टाकून ठेवलेल्या लोकांना ईमेल पाठवतं, पुढे 20 टक्के किंवा त्याहून जास्त सूट दिली की पुन्हा. गेमचं स्टीमवरचं पान शेवटच्या महिन्यात उघडलं, तर हा ईमेल जाणार तरी कोणाला? शिवाय 100 डॉलर फी भरल्यापासून 30 दिवस गेम विक्रीला काढता येत नाही, 'लवकरच येत आहे' हे पान किमान दोन आठवडे जाहीर असावं लागतं आणि स्टीमच्या तपासणीचे दिवस वेगळे. पानासाठी निदान पाच स्क्रीनशॉट लागतात. ते खऱ्या खेळातले आणि बघण्यासारखे झाले की पान उघडा.

पुढची चूक कॅप्सूलची, म्हणजे स्टोअरमधल्या छोट्या चित्राची. तुम्ही 462 बाय 174 पिक्सेलचं चित्र चढवता, पण स्टीम त्यातूनच 120 बाय 45 चीही आवृत्ती काढतं. चित्र तेवढं लहान करून मोबाइलवर, हात लांब धरून बघा. नाव वाचता आलं नाही तर पात्रं कमी करा, अक्षरं जाड करा, मागची नक्षी काढून टाका. चित्रावर पुरस्कार, रिव्ह्यूतली वाक्यं किंवा सवलतीचा मजकूर टाकायला तर मनाईच आहे.

ट्रेलरची सुरुवात लोगोनं करू नका. पहिल्या पाच सेकंदांत खेळाडू काय करतो ते दिसलंच पाहिजे: उडी, कोडं, टक्कर, जे असेल ते. सोशल मीडियावरही "बघा, कसा वाटतोय?" यापेक्षा एकच गंमत दाखवणारी आठ-दहा सेकंदांची क्लिप टाका आणि खाली एकच लिंक द्या. चार लिंक दिल्या की माणूस एकही उघडत नाही.

चाचणीसाठी इच डॉट आयओ या छोट्या गेमच्या साइटवर ब्राउझरमध्ये चालणारा बिल्ड, म्हणजे गेमची तयार प्रत, ठेवणं सर्वांत सोयीचं, पण सर्वाधिक रडारडही इथेच होते. पान काळं किंवा कोरं दिसलं तर आधी झिप उघडून बघा. 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' थेट वरच हवी. आत आणखी एक फोल्डर आणि त्यात ती, असं ठेवू नका. स्वतःच्या विंडोज मशीनवर चालतं आणि अपलोड केल्यावर चित्र किंवा आवाज गायब होतो, तेव्हा फाइलच्या नावातली इंग्रजी अक्षरं तपासा. विंडोजला मोठं-लहान अक्षर सारखंच, तिथल्या सर्व्हरला नाही. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचा बिल्ड लोड होताना अडकला तर पब्लिशिंग सेटिंग्जमध्ये 'डिकम्प्रेशन फॉलबॅक' चालू करून पुन्हा बिल्ड करा. गोडो 4 या तशाच सॉफ्टवेअरमधून थ्रेड (एकाच वेळी अनेक कामं चालवण्याची सोय) चालू ठेवून एक्सपोर्ट केला असेल, तर इचच्या पानावर 'शेअर्ड-अरे-बफर' हा पर्याय लागतो. गोडो 4.3 पासून थ्रेड बंद ठेवूनही एक्सपोर्ट करता येतो. छोट्या गेमला तेवढं बहुतेक वेळा पुरतं. आणि सुरुवातीला आवाज येत नसेल, तर तो बग समजू नका. क्लिक झाल्याशिवाय ब्राउझर आवाज सुरू होऊ देत नाही, म्हणून पहिल्या पडद्यावर 'सुरू करा' हे बटण ठेवाच.

नेक्स्ट फेस्टची, म्हणजे येऊ घातलेल्या गेमचे डेमो दाखवणाऱ्या स्टीमवरच्या उत्सवाची, घाई नको. एका गेमला त्यात एकदाच भाग घेता येतो. अर्धवट डेमो घेऊन उतरलात तर ती संधी गेली. नव्वद मिनिटांच्या गेमचा डेमो दहा-पंधरा मिनिटांचा पुरे, पण तो उत्कंठेच्या जागी थांबवा आणि शेवटच्या पडद्यावर विशलिस्टचं बटण द्या.

लांबी लपवणं ही छोट्या गेमची खास चूक. खरेदीपासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल, तर स्टीम पैसे परत देतं. म्हणजे तुमचा गेम संपवूनही पैसे परत मागता येतात. या भीतीनं रिकाम्या वाटा आणि परत-परतची कामं घालून गेम ताणू नका, त्यानं चांगला गेमही कंटाळवाणा होतो. वर्णनातच "सुमारे 90 मिनिटांचा" असं लिहा आणि किंमत त्याला साजेशी ठेवा.

अभिप्राय मागताना "आवडला का?" विचारलं की ओळखीचे लोक "छान आहे" म्हणतात, आणि त्यातून दुरुस्त करण्यासारखं काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी तीन प्रश्न द्या: कुठे अडकलात, कुठे थांबावंसं वाटलं, शेवटी काय करायचं होतं असं तुम्हाला वाटलं? जमलं तर स्क्रीन शेअर करून त्यांना खेळताना बघा आणि तोंडातून एक शब्दही काढू नका. जिथे "अहो, तिकडे जा" म्हणावंसं वाटेल, ती जागा लिहून ठेवा.