‘बनगरवाडी’ वर्गासाठी वाचताय? या चुका टाळा

मे महिन्यातलं सोलापूर. दुपारी लाईट गेलेली, भिंतीसुद्धा तापलेल्या, आणि सरांनी सुट्टीत वाचून दोन पानं लिहून आणायला सांगितलेली ‘बनगरवाडी’ छातीवर पालथी. व्यंकटेश माडगूळकरांची ही १९५५ सालची कादंबरी तशी बारकीच आहे. तरी अकरावीत मी ती तीनदा खाली ठेवली. का ठेवली, त्याचा हा हिशोब.

गाईडपासून सुरुवात. मित्राकडनं नोट्सची झेरॉक्स आणली. ‘ग्रामीण जीवनाचे वास्तव दर्शन’ हे त्यात पानोपानी. मग पुस्तक उघडलं तर मलाही नुसतं वास्तव दर्शन दिसायला लागलं, माणसं दिसेनात. झेरॉक्स शेवटी वाचा. नाही वाचली तरी चालेल.

‘गोष्ट कधी सुरू होणार?’ म्हणून वाट बघणं. बहुतेक जण इथंच अडकतात. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर शाळा चालवायला जातो. पोरं मेंढरांमागं, शाळेत येणार कोण? मी खलनायकाची वाट बघत बसलो. अंजी आली तेव्हा वाटलं, चला, आता लव्हस्टोरी. तीही नाही. लायब्ररीच्या प्रतीत कुणीतरी समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘पुढं?’ त्या अनोळखी माणसाचा मला फार आधार वाटला!

यावर उपाय म्हणजे एका बैठकीत एकच माणूस वाचायचा. आज कारभारी, उद्या दुसरा कुणी. चावडीवर बसल्यासारखं. आणि मास्तर तालीम बांधायचं मनावर घेतो तिथपर्यंत तरी दम धरा. अख्खी वाडी कामाला लागते आणि पानं आपोआप उलटतात.

प्रत्येक शब्दापाशी थांबणं. माझा एक मित्र सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू. त्यानं पहिल्या दहा पानांतले अडलेले शब्द वहीत उतरवले आणि अकराव्या पानाला वहीही मिटली, पुस्तकही. माझी चूक उलटी. पुस्तकातली बोली माणदेशी, आमचं सांगोला माणदेशातच येतं, म्हणजे ही आपलीच भाषा, आपल्याला काय अडणार, अशी माझी ऐट. शहरात, जुळे सोलापुरात वाढलेल्या पोराला माणदेशी कुठनं येणार?

शेवटी सांगोल्याकडच्या आजीला मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो. ती शेंगा फोडत ऐकायची. शब्द तर तिनं सांगितलेच, पण दुष्काळात वाडी ओस पडते तिथं तिचा हात थांबला. “भात्तरला आमी बी खडी फोडलीया,” म्हणाली, म्हणजे १९७२ च्या दुष्काळात. “सुकडी खाऊन.” ती पानं मी आधी मोबाईल बघत बघत उडवली होती. तिनं परत वाचायला लावली. मला जमेना, मधेच पाणी प्यायला उठलो.

पुस्तकाऐवजी सिनेमा. अमोल पालेकरांचा आहे, १९९५ चा. जरूर बघा, पण नंतर. नाहीतर प्रत्येक माणसाला पडद्यावरचाच चेहरा चिकटतो.

आवडल्याचं नाटक. ‘ही कादंबरी मला अतिशय भावली’ ही माझी पहिली ओळ. सरांनी शेजारी तांबड्या पेनानं एकच शब्द लिहिला: ‘कुठे?’ उत्तर नव्हतं. मग दुसऱ्यांदा खरं लिहिलं. सुरुवातीला कंटाळा आला, शेवट वाचवत नाही, आणि मास्तराचा रागही येतो, कारण तो सगळ्यांचं ऐकून घेतो आणि स्वतःबद्दल फार थोडं बोलतो. प्रत्येक वाक्यापुढं प्रसंग दिला. सरांना ते चाललं. अभिजात पुस्तकाला नावं ठेवली तर मार्क जातात हा आपलाच समज; मार्क जातात ते प्रसंग न देता नावं ठेवली तर.

मधला भाग मला अजून रेंगाळलेला वाटतो. आजीला वाटत नाही. पुस्तक परत करायची तारीख उलटून गेली तेव्हा दंड तिनंच दिला, कारण प्रत तिच्या उशाखाली होती आणि रोज रात्री तिला चार पानं हवीच असायची.