सुमोची नवी आवृत्ती घालताय? जुनी काढू नका

आमच्याकडे नव्याने लागलेला मुलगा 'सुमो उघड' म्हटल्यावर खिडकीतून खाली गाडी शोधत होता. ही सुमो म्हणजे जर्मन एरोस्पेस सेंटरमध्ये तयार झालेलं, 2001 पासून फुकट मिळणारं वाहतूक सिम्युलेशन (रस्त्यावरची रहदारी संगणकावर चालवून बघायचा प्रोग्राम). मी गोव्यात, फोंड्यात बसून त्यात चौक मांडतो. नवी आवृत्ती आली की घालायची खाज मलाही सुटते, पण अहवाल द्यायला आठवडाच उरला असेल तर हात लावू नका.

आधी जुनी आवृत्ती जागेवर राहू द्या. प्रत्येक कामाला पायथनचं वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (बाकीच्यांत न मिसळणारा स्वतंत्र कप्पा) करून त्यात पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजं घालणाऱ्या कमांडने, आकडा देऊन, हवी ती आवृत्ती घाला. मग सुमोचं फोल्डर कुठे आहे ते सांगणारं 'सुमो होम' हे व्हेरिएबल कुठे बोट दाखवतंय ते बघा. ते जुन्याच फोल्डरकडे राहिलं की प्रोग्राम नवा आणि ट्रासीच्या (चालू सिम्युलेशनला बाहेरून हुकूम देणाऱ्या) स्क्रिप्ट जुन्या अशी खिचडी होते, आणि चूक भलतीकडेच दिसते.

नेटवर्कची, म्हणजे रस्त्यांच्या फाइलीची, प्रत काढा आणि ती नव्या नेटकन्व्हर्टमधून (सुमोचं नेटवर्क बनवणाऱ्या प्रोग्राममधून) काढून घ्या. नकाशा पुन्हा ओपनस्ट्रीटमॅपवरून ओढू नका. मधल्या काळात तिथे कोणीतरी रस्ता बदललेला असतो. शिवाय डावीकडून गाड्या चालवणारा लेफ्टहँडचा पर्याय विसरलात तर आपली सरकारी कदंब बस रस्त्याच्या उजव्या बाजूने धावते.

आता नेटएडिटमध्ये (सुमोच्या नकाशा-संपादकात) सिग्नल तपासा. इथे घाई नको. प्रत्येक फेजमध्ये (सिग्नलच्या टप्प्यात) वळणागणिक एक अक्षर असतं: मोठा 'जी' म्हणजे बिनधास्त जा, छोटा 'जी' म्हणजे समोरच्याला वाट देऊन जा. आपल्याकडे उजवीकडे वळणाऱ्याला बहुतेक वेळा छोटाच लागतो. एखादं वळण वाढलं की अक्षरं एका घराने सरकतात आणि भलत्यालाच हिरवा मिळतो.

मग दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी चालवा. एकच सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) दिला तरी आकडे जुळतीलच असं नाही, म्हणून मी दहा सीड घेऊन सरासरी बघतो. मॉडेल 2018 च्या 1.0 आधीचं असेल तर फरक येणारच, कारण तेव्हापासून गाड्यांचे वेग आपोआप थोडे कमीजास्त धरले जातात. टेलिपोर्टही मोजा. 300 सेकंद अडकलेली गाडी सुमो उचलून पुढे ठेवते. आमच्या फोंड्याच्या तिस्क चौकात ही सोय अजून नाही.

गेल्या पावसाळ्यात तिस्काच्या मॉडेलमध्ये रांग एकदम लांबली. दोन दिवस मी नव्या आवृत्तीला शिव्या घातल्या. शेवटी ग्राफिक खिडकीत गाड्या हळू करून बघितलं, तर बसमागे स्कूटर एकामागोमाग एक, देवळाच्या रांगेसारख्या शिस्तीत उभ्या. फोंड्यात कोण असं उभं राहतं? एकाच लेनमध्ये गाड्यांना शेजारी शेजारी घुसू देणारा लॅटरल रिझोल्यूशनचा पर्याय मी दर वेळी हाताने टाइप करायचो, फाइलीत लिहिलाच नव्हता, आणि नवं घालताना तो राहून गेला. कॉन्फिगरेशन फाइलीत 0.8 लिहिलं, तशा स्कूटर बसच्या दोन्ही बाजूंनी घुसून थेट स्टॉप लाइनवर आल्या.