खेळण्यांची मोठी दुकानं गेली, आता खेळणी घ्यायची कशी? (न्यू जर्सीतल्या आईबाबांसाठी)

मागच्या महिन्यात पुण्याहून नवीनच आलेल्या दोन मैत्रिणींनी मला एकच प्रश्न विचारला, की अगं इथे मुलांना घेऊन जायला खेळण्यांचं मोठ्ठं दुकान कुठेय? आणि मला पटकन सांगताच येईना. गंमत बघा, टॉईज आर अस या खेळण्यांच्या मोठ्या चेनचं हेडऑफिस आपल्याच न्यू जर्सीत होतं, वेनला, आणि आमची मोठी तीन वर्षांची होईपर्यंत रविवारी पाऊस असला की आम्ही सरळ त्यांच्या दुकानातच जायचो, घ्यायचं काहीच नसायचं, ती आपली सायकलींच्या रांगेत एकेक घंटी वाजवत फिरायची. तर त्या दोघींना जे फोनवर तुकड्या तुकड्याने सांगितलं ते इथे एकत्र लिहितेय.

आधी थोडंसं, दुकान गेलं कसं ते. सगळे म्हणतात ॲमेझॉनने खाल्लं, ते अर्धंच खरंय. वॉलमार्टने १९९८ मध्येच खेळण्यांच्या विक्रीत त्यांना मागे टाकलं होतं, आणि मग २००५ मध्ये केकेआर, बेन कॅपिटल आणि व्होर्नॅडो या तीन गुंतवणूक कंपन्यांनी मिळून कंपनी घेतली साधारण ६.६ अब्ज डॉलरला, पण त्यातले बरेचसे पैसे कर्जाचे आणि ते कर्ज चढलं कंपनीच्याच डोक्यावर. म्हणजे घर घेणार आपण आणि हप्ता भरायचा घराने! वर्षाला ४० कोटी डॉलरच्या आसपास नुसतं कर्जापायी जात होते, मग दुकानं नीट कोण करणार, वेबसाइट कोण सुधारणार. सप्टेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज, मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतली सगळी दुकानं बंद करायची घोषणा, आणि जून संपता संपता शेवटचं शटर खाली. ज्यांनी हे सुरू केलं ते चार्ल्स लाझरस त्या घोषणेनंतर आठवडाभरातच गेले.

हे एवढ्यासाठी सांगितलं की दुकानात गर्दी दिसते म्हणून ते टिकेल असं नसतं. म्हणून पहिलं काम, ड्रॉवरमधली गिफ्ट कार्डं काढा. आजच. कुठल्याही चेनची दिवाळखोरीची बातमी आली की त्या आठवड्यातच कार्ड वापरून टाका, कारण पैसे परत मागणाऱ्यांच्या रांगेत बँका पुढे आणि आपण पार शेवटी. टॉईज आर असने सुद्धा घोषणेनंतर जेमतेम महिनाभर कार्डं घेतली, २१ एप्रिल २०१८ पर्यंत, मग बंद. आम्ही नंतर दुसऱ्याच एका चेनचं पन्नास डॉलरचं कार्ड बारशाला मिळालेलं जपून ठेवलं होतं, जपून म्हणजे इतकं जपून की दुकान गेलं आणि कार्ड राहिलं, आता धाकटा त्याच्या भाजीच्या दुकानात क्रेडिट कार्ड म्हणून वापरतो.

दुसरं, दुकान बंद होतानाचा सेल. बाहेर पिवळा बोर्ड, सगळं काढायचंय वगैरे, आणि आपल्याला वाटतं लूट आहे. सेल बहुतेक वेळा दुकान चालवत नसतं, माल संपवायला नेमलेली वेगळी कंपनी चालवते, आणि पहिल्या आठवड्यात सूट असते दहा टक्के, ती पण छापील किमतीवर, म्हणजे तीच वस्तू टार्गेटला रोजच्या भावात स्वस्त असू शकते. तिथेच उभं राहून फोनवर भाव बघा, लाजू नका. कूपन चालत नाही, परत घेत नाहीत, त्यामुळे बॅटरीवर चालणारं काहीही घ्यायचं असेल तर तिथेच बॉक्स उघडून चालू करून दाखवा म्हणायचं. शेवटच्या आठवड्यात खरी सूट येते पण तोपर्यंत उरतं काय, तर अर्ध्या तुटलेल्या बाहुल्या आणि दुकानाची मांडणी. मांडणी मात्र घ्या! आमच्या बेसमेंटमधलं खेळण्यांचं रॅक तसंच एका सेलमधलंय, धातूचं आहे, हलत नाही.

मग आता घ्यायचं कुठून? वॉलमार्ट-टार्गेट आहेतच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कॉस्टकोत मोठी खेळणी सीझनलाच येतात आणि संपली की संपली, म्हणून डिसेंबरची वाट बघू नका, दिवाळीच्या आधीच एक चक्कर मारा. टॉईज आर असचं नाव पण परत आलंय बरं का, २०२१ च्या डिसेंबरमध्ये ईस्ट रदरफोर्डच्या अमेरिकन ड्रीम मॉलमध्ये मोठं दुकान उघडलं आणि २०२२ मध्ये मेसीज या डिपार्टमेंट स्टोअरच्या आत छोटे कोपरे. पण मेसीजमधला कोपरा म्हणजे आठवणीपुरता, त्यासाठी मुद्दाम जाऊ नका. आणि लायब्ररीत विचारा, काही ठिकाणी पुस्तकांसारखी खेळणी, पझल घरी न्यायला देतात, हे मला इथे सहा वर्षं राहिल्यावर कळलं.

आता ऑनलाइन, इथे जरा नीट वाचा. मोठ्या दुकानाचं एक काम आपल्या लक्षातच आलं नव्हतं, ते म्हणजे कुठला माल आत घ्यायचा आणि कुठला नाही हे ते ठरवायचे, आता ती चाळणी आपणच लावायची. साइट ओळखीची असली तरी विकणारा भलताच असू शकतो, म्हणून किमतीच्या खाली विक्रेत्याचं नाव असतं ते बघा, आणि ते नाव म्हणजे नुसती अक्षरं एकापुढे एक ठेवल्यासारखं असेल तर मी सोडून देते. सेंटिमीटर किंवा इंचात माप बघा. मी एका साइटवरून लाकडी भातुकली मागवली, फोटोत मुलगी पुढ्यात मांडून बसलेली, आली तेव्हा कढई माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी! आणि धाकटा तेव्हा दीड वर्षाचा, जे दिसेल ते तोंडात.

तर माल आल्यावर काय करायचं. टॉयलेट पेपरची रिकामी नळी घ्या, जे तिच्यातून आरपार जातं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायचं नाही. छोट्या तुकड्यांच्या सरकारी चाचणीतलं नळकांडं त्याहून बारीक असतं, सव्वा इंच, पण घरी जरा जास्त कडक असलेलं बरं. बटण सेलचं झाकण स्क्रूने बंद हवं, नखाने उघडत असेल तर परत पाठवा, ते सेल पोटात गेले तर आतून जाळतात. छोटी सुटी मॅग्नेट तर घरात नकोतच, दोन गिळली तर आतड्यातून एकमेकांना चिकटतात. मग खेळण्यावर बनवणाऱ्याचं नाव, ठिकाण, तारीख, बॅच असं कुठेतरी छापलेलं असतं, २००८ च्या कायद्यापासून अमेरिकेत ते सक्तीचं आहे, ते शोधा, काहीच नसेल तर संशय घ्या. आणि सीपीएससी, म्हणजे वस्तूंची सुरक्षितता बघणारं इथलं सरकारी खातं, त्याच्या साइटवर नाव टाकून रिकॉल, म्हणजे धोकादायक म्हणून परत मागवलेला माल, बघायला दोन मिनिटं लागतात, जुनं खेळणं कुणाकडून घेताना तर नक्कीच बघा.

आईबाबा येणार असतील तर बॅगेत जागा ठेवायला सांगा. सावंतवाडीची लाकडी फळं इथे शाळेत शो अँड टेलला, म्हणजे घरची वस्तू वर्गात दाखवून तिच्याबद्दल सांगायचं असतं तेव्हा, नेली की टीचरसकट सगळे हातात घेऊन बघतात. बाकी खेळणी तिकडून आणायची असतील तर आयएसआय मार्क बघून घ्या, १ जानेवारी २०२१ पासून तो भारतात बहुतेक खेळण्यांना सक्तीचा आहे. रंग उडणारं, गावच्या जत्रेतलं वगैरे शोकेसमध्ये ठेवा, तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलाला नको.

शेवटचं आणि माझं आवडतं, गावातलं छोटं दुकान. मेन स्ट्रीटवर कुठे ना कुठे एक असतं, भाव दोन-चार डॉलर जास्त, पण तिथे जाऊन "सहा वर्षांचा मुलगा, शांत आहे, वीस डॉलरपर्यंत" एवढंच सांगायचं, मालकीणबाई तीन वस्तू आणून समोर ठेवतात आणि बहुतेक वेळा तिसरी बरोब्बर असते. गिफ्ट रिसीट मागून घ्या. आमच्या इथल्या बाई रॅपिंग फुकट करून देतात, तेवढ्या वेळात धाकटा कोपऱ्यातल्या ट्रेनच्या टेबलाला चिकटतो आणि निघताना जो भोकाड पसरतो तो पार्किंगपर्यंत, त्यावरचा उपाय कुणाला माहीत असेल तर मलाच सांगा.