पाहुण्याला पहिला वडापाव खिलवताना

मुंबईत पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याला गाडीवर न्यायचं तर संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान न्या. ऑफिसं सुटलेली असतात आणि स्टेशनबाहेरच्या गाड्यांवर घाण्यामागून घाणा निघत असतो. परातीत रचलेला वडा घेऊ नका. "दादा, पुढच्या घाण्यातला द्या," म्हणायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. बटाट्याचं सारण तासन्‌तास कोमट राहिलं की त्यात जंतू वाढतात. कढईतून थेट पावात आलेल्या वड्याला ती भीती फार कमी.

थांबलाच आहात तर तेल बघा. वडा सोडल्यावर भोवती जोरात बुडबुडे यावेत आणि वडा तळत आला की शांत व्हावेत. फेस वर चढून तसाच राहत असेल, तेल काळपट होऊन धुरत असेल, तर दुसरी गाडी गाठा. कढई गच्च भरणाऱ्याचे वडे तेलकट होतात, कारण तेलाचा ताव उतरतो आणि बेसन वेळेवर धरत नाही.

खरी काळजी चटण्यांची. लसूण-खोबऱ्याची सुकी चटणी खुशाल घ्या, तिच्यात पाणी नसतं. मात्र बऱ्याच ठिकाणी तिच्यात शेंगदाणे असतात. पाहुण्याला चालतात ना, हे आधी विचारा. हिरवी चटणी कच्च्या कोथिंबिरीची, पाणी घालून वाटलेली आणि दुपारभर उघड्यावर असलेली. नवख्या पोटाला ती नकोच. चिरून ठेवलेला कांदाही नको. "सुकी थोडी, हिरवी नको," एवढं सांगितलं की झालं.

वडा पावात घातला की वरून तळहाताने एकदा दाबा. वडा फुटतो, वाफ निघून जाते, सारण पावाला धरतं. हे राहिलं तर पहिल्याच घासाला जीभ पोळते आणि वडा मागून सटकतो.

मीठ लावलेली तळलेली मिरची टोकाकडून, नखाएवढीच चाखायला द्या. देठाकडच्या पांढऱ्या शिरांत तिखट जास्त असतं. झोंबलीच तर पाणी उपयोगाचं नाही, तिखट पाण्याने निघत नाही. नुसता पाव चावायला द्या, नाहीतर पाकिटातलं ताक.

पाणीपुरी त्याच फेरीत नको. तिथे सगळा प्रश्न पाण्याचा आणि बर्फाचा असतो. बाटलीचं पाणी वापरणाऱ्या दुकानात ती वेगळी खिलवा.