कॉर्निया प्रत्यारोपणानंतर डोळ्याला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून

कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, रक्तवाहिन्या नसल्यामुळे रोपण केलेला कॉर्निया फार सावकाश जुळतो, आणि पूर्ण जाडीचे रोपण असेल तर केसाहून बारीक टाके वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ डोळ्यात राहतात. शिवाय शरीराने हा परका कॉर्निया नाकारू नये म्हणून कित्येक महिने घालावे लागणारे स्टेरॉइडचे थेंब डोळ्याची जंतूंशी लढण्याची शक्ती कमी करतात. त्यामुळे पहिले काही आठवडे सुरळीत गेले म्हणून निर्धास्त होणे मला सर्वांत घातक वाटते.

थेंब घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी साबणाने हात धुऊन स्वच्छ कापडाने कोरडे करावेत. खालची पापणी हलकेच ओढून तिथे एक थेंब सोडावा. बाटलीचे टोक पापणीला, बुबुळाला किंवा बोटाला लागू देऊ नये, कारण एकदा जंतू चिकटले की पुढचा प्रत्येक थेंब ते डोळ्यात पोहोचवतो. दोन औषधांमध्ये किमान 5 मिनिटांचे अंतर ठेवावे. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि वेगळी सूचना नसेल तर 4 आठवड्यांनी ती टाकून द्यावी, थोडे औषध उरले असले तरीही. स्टेरॉइड मात्र स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नये.

डॉक्टर परवानगी देईपर्यंत नळाचे पाणी डोळ्यात जाऊ देऊ नये आणि पोहणे टाळावे. डोळा चोळू नये. झोपताना संरक्षक कवच लावावे.

टाक्यांकडे विशेष लक्ष हवे. ढिल्या झालेल्या टाक्याला चिकट स्राव धरतो आणि तिथूनच जंतू आत शिरतात. एरवी असा टाका खुपतो. परंतु शस्त्रक्रियेत नसा कापल्या गेल्याने नव्या कॉर्नियाची संवेदना बोथट असते, म्हणून दुखत नाही यावर विसंबू नये. रोज चांगल्या उजेडात आरशात डोळा पाहावा आणि दुसरा डोळा झाकून ठरावीक अंतरावरची तीच अक्षरे वाचून पाहावीत. टाका काढल्यानंतर दिलेले प्रतिजैविकाचे थेंबही सांगितलेले दिवस पूर्ण घालावेत.

लाली, उजेड सहन न होणे, नजर मंदावणे, वेदना किंवा बुबुळावर पांढरा ठिपका, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. कॉर्निया नाकारला जात असतानाही बरीचशी हीच लक्षणे दिसतात. त्या वेळी स्टेरॉइड वाढवावे लागते, तर जंतुसंसर्गात तेच वाढवल्याने डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते, आणि हा फरक यंत्राखाली तपासल्याशिवाय कळत नाही. तपासणीला जाताना वापरातल्या सगळ्या बाटल्या सोबत न्याव्यात.